माहेरी पाठवलेली वहिनी

विनोदी मालिकेत माणसाला एकदम मारत नाहीत. आधी गावाला पाठवतात. कुणाला रजा हवी असते, कुणी आजारी पडतं, कुणाचं निर्मात्यांशी बिनसतं. मग लेखक एका वाक्यात त्याची सोय लावतो, ‘‘ती होय? ती माहेरी गेलीय.’’ प्रेक्षकांना त्या माणसाचा विसर पडू नये म्हणून दिवाणखान्याच्या सेटवर त्याचा फोटो टांगतात. फोटो नुसता असेल तोवर तुम्ही परत येऊ शकता. फोटोला हार घातला की संपलं. हे करारात लिहिलेलं नसतं, पण चहा देणाऱ्या स्पॉटदादापासून सगळ्यांना ठाऊक असतं. इतरांचे फोटो टांगले जाताना मी सेटवर चहा पीत बघितलेले आहेत आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

माझी पाळी गेल्या वर्षी आली. गणपती उठल्यावर आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी एकुलती एक, तेव्हा संभाजीनगरला जाऊन राहणं मला भाग होतं. मालिकेचं सगळं वेळापत्रक ज्यांच्या हातात असायचं त्या बाईंना मी दोन महिन्यांची रजा मागितली.

‘‘ताई, दोन महिने म्हणजे खूप होतात हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण बघू. तुम्हाला माहेरी पाठवतो.’’

‘‘मी खरंच माहेरीच चाललेय,’’ मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. विनोदी मालिकेच्या ऑफिसात कुणीच फारसं हसत नाही.

मी मूळची संभाजीनगरचीच. वडील वाळूजला एका कंपनीत होते. माझी कॉलेजची नाट्यस्पर्धा असली की शिफ्टच्या बसमधून उतरून घरी न जाता ते थेट हॉलवर यायचे आणि कंपनीच्या कपड्यातच मागच्या खुर्चीवर झोपायचे. माझं वाक्य आलं की बरोबर जागे व्हायचे. हे त्यांना कसं जमायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आई कधी आली नाही. आई अजिंठ्याकडची, शेतकऱ्याघरची, आणि चारचौघांत तोंड रंगवून उभं राहणं हे तिच्या हिशेबात काम नव्हतं. मी मुंबईला गेले तेव्हा कुणी विचारलं तर ती ‘‘मुंबईला असती’’ एवढंच सांगायची. तिथं काय करते हा पुढचा प्रश्न आला की ती समोरच्याला चहा विचारायची.

मुंबईत मी बरीच वर्षं किरकोळ कामं केली. नर्स, शेजारीण, लग्नात अक्षता टाकणारी, पोलिस चौकीत रडणारी. एकदा प्रेतही झाले. ते प्रेत माझ्या लक्षात राहिलं ते त्यानंतरच्या गोष्टीमुळे. शॉट झाला, दिग्दर्शकानं ‘कट’ म्हटलं, मी उठायला लागले, तर म्हातारे कॅमेरामन म्हणाले, ‘‘थांबा बाई. कॅमेरा चालू आहे. उठून बसा आणि हसा.’’ मेलेल्या माणसाचं काम केलं की उठून कॅमेऱ्यासमोर हसायचं, नाहीतर ते अंगाला लागतं, अशी त्या धंद्यातली रीत आहे. कोण कुठल्या गावचा, कुठल्या देवाचा, कुणी विचारत नाही, हसतात सगळे. मी हसले. तेव्हा आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘शहाणा माणूस हाय त्यो.’’ माझ्या सगळ्या कारकिर्दीत तिनं मनापासून वाखाणलेली ही एकच गोष्ट.

चाळिशी उलटल्यावर मला वहिनी मिळाली. मराठवाड्यातून मुंबईच्या सोसायटीत आलेली, सगळ्यांच्या घरात नाक खुपसणारी, मोठ्यानं बोलणारी वहिनी. ‘‘तुमची ती भाषा वापरा,’’ असं दिग्दर्शक म्हणाला. पण संवाद लिहिणारा मुलगा पुण्याचा. त्याला आमच्या भाषेतला ‘लई’ हा एकच शब्द ठाऊक होता आणि तो त्यानं प्रत्येक वाक्यात घातला. आमच्या घरात आई ‘माझं-तुझं’ म्हणत नाही, ‘मपलं-तुपलं’ म्हणते. ते मी एकदा सुचवलं, तर लोकांना कळणार नाही म्हणाला. पहिला भाग बघून आईनं फोन केला. ‘‘इतकं लई लई कोण करतंय गं? आन ही हसणारी माणसं दिसत कामून नाहीत?’’

हसणारी माणसं नसतातच, हे तिला समजावून सांगणं अवघड गेलं. सेटवर आपलं वाक्य टाकायचं आणि जरा थांबायचं. त्या मोकळ्या जागेत नंतर हशा भरतात. पुढं पुढं मला त्याची इतकी सवय झाली की मी बँकेत, भाजी घेतानासुद्धा वाक्य बोलून थांबायला लागले. समोरच्याला वाटायचं मी उत्तराची वाट बघतेय.

आणि वहिनीचं हसणं. ते मीच बसवलं होतं. आधी श्वास आत ओढायचा, मग नाकातून सूर काढायचा आणि शेवटी एक टाळी. टाकीत पाणी नसताना मोटार लावली की येतो तसा आवाज. त्याच हसण्यावर मालिका चालली असं म्हणायला हरकत नाही. सुट्टीत घरी आले की औरंगपुऱ्यात भाजीवाले कोथिंबिरीची जुडी हातात धरून म्हणायचे, ‘‘मावशी, ते हसा ना एकदा.’’ मी हसायचे. एकटी आईच ते हसणं आलं की टीव्हीचा आवाज कमी करायची. इतक्या वर्षांत ती मालिकेला एकदाही हसल्याचं मला आठवत नाही. पण एक भागही तिनं चुकवला नाही, हेही खरं.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, गुडघे उत्तम बसलेत, आता चालायचं. घरी आल्यावर आई वॉकर धरून चालायला लागली आणि तिथंच अडकली. वॉकर सोडायला तयार होईना. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणायची, ‘‘आजी, भिंतीला धरून बघा, मी आहे ना.’’ आई म्हणायची, ‘‘पाय मपले हायत, ते मला ठाऊक.’’ दिवस सरत होते आणि माझी रजाही. तिनं वॉकर सोडल्याशिवाय मला जाता येत नव्हतं, आणि मी गेले नाही तर भिंतीवरचा फोटो फार काळ नुसता राहणार नव्हता.

तो फोटोही आमच्याच गच्चीवरचा. ‘‘हसरा फोटो पाठवा’’ असा निरोप आला तेव्हा घाईत तोच सापडला. त्यात आई शेजारी उभी होती, माझ्या खांद्यावर हात ठेवून. सेट सजवणाऱ्या आर्टवाल्यांनी तिला कापून काढलं, पण बोटं राहिली. पडद्यावर फोटो पहिल्यांदा दिसला तेव्हा आई पुढं वाकून म्हणाली, ‘‘बोटं मपली हायत.’’ हे तिनं शेजारच्या खालालाही दाखवलं.

खाला म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, आईच्याच वयाची. तिच्या घरचा टीव्ही नातवंडांच्या ताब्यात, म्हणून मालिकेच्या वेळेला ती आमच्याकडे यायची. आई पलंगावर, खाला खुर्चीत, मी जमिनीवर, असं आम्ही तिघी रोज संध्याकाळी तो फोटो बघायचो. गोष्टीकडे माझं लक्ष नसायचं. दिवाणखान्याचा शॉट आला की मी आधी भिंत बघायची. फोटो नुसता दिसला की जीव भांड्यात पडायचा. मला भीती वाटत होती, ती लपवण्यात अर्थ नाही. माझ्या वयाच्या बाईला एक मालिका सुटली की दुसरी मिळतेच असं नाही. मिळाली तरी अक्षता टाकणारीची मिळते. आईला यातलं किती कळत होतं कुणास ठाऊक. ती फक्त विचारायची, ‘‘हाय ना जागेवर?’’ खाला म्हणायची, ‘‘हौ, है है.’’

सुरुवातीला माझा आवाज तरी मालिकेत होता. नवरा वहिनीला माहेरी फोन करतो असे प्रसंग लिहीत, आणि मी माझी वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायची. आवाज घुमू नये म्हणून आईच्या कपाटात, साड्यांच्या मध्ये डोकं घालून. कुकरची शिट्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून. माझं लग्न झालेलं नाही, पण पडद्यावरच्या या नवऱ्याशी मी बरीच वर्षं संसार केलेला आहे, त्यामुळे भांडण चांगलं जमायचं. आई पलंगावरून ऐकायची. एकदा मी कपाटातून डोकं बाहेर काढलं तर म्हणाली, ‘‘त्या बिचाऱ्याला इतकं कामून बोलतीस? आईपशी आलीस तर नीट सांग की त्याला, आईचे पाय बरे नाहीत म्हणून.’’

मग दसरा आला. त्या दिवशीच्या भागात सगळी सोसायटी नटलेली, दाराला तोरण, आणि भिंतीवर माझा फोटो, त्याला हार. खालानं तोंडावर हात ठेवला. ‘‘या अल्ला, हार डाल दिये क्या उनों?’’

आई मात्र चष्मा सरळ करून बघत होती. ‘‘झेंडूचा हाय,’’ ती म्हणाली. ‘‘झेंडू उतरतो. आपण नाय का सायकलला घालत?’’

तिचं बरोबर होतं, पण ते सगळ्यांना कोण सांगणार? अजिंठ्याहून मामांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी चितेगावची आत्या रिक्षा करून दारात, पदर डोळ्याला. दार मीच उघडलं. ती काही खुळी नव्हती. मालिकेतली वहिनी गेली एवढंच तिला वाटलं होतं आणि तेवढ्याचंच सांत्वन करायला ती आली होती. काम गेलं म्हणजे काय, हे कंपन्यांच्या गावात जन्म काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, ‘‘हुईल माय, दुसरं बघ एखादं.’’ हार दसऱ्याचा होता हे कळल्यावर मात्र तिनं माझीच खरडपट्टी काढली. रिक्षाचा फेरा फुकट गेला म्हणाली, आणि जेवून गेली.

मी मुंबईला फोन केला. वेळापत्रकवाल्या बाई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. ‘‘अहो ताई, आर्टची मुलं! फ्रिजला घातला, टीव्हीला घातला, स्कूटरला घातला, उरला तो तुमच्या फोटोला घातला. कुणाच्या लक्षातच आलं नाही.’’ पुढच्या भागात फोटो पुन्हा नुसता होता. आईची बोटं दिसत होती.

पण बाईंच्या त्या हसण्यात काहीतरी होतं, किंवा मला तसं वाटलं. त्यानंतर फोनचे प्रसंग विरळ झाले. आधी माझी वाक्यं कमी झाली, मग नवरा एकटाच ‘‘हो... हो... बरं’’ म्हणायला लागला, मग तेही थांबलं. कपाट मोकळं झालं. मी विचारलं तर ‘‘ताई, ट्रॅक बदलतोय, कळवते’’ असं उत्तर यायचं. मी चिडले, आणि जो राग मुंबईवर काढायचा तो आईवर काढला.

‘‘सोड ना ते वॉकर,’’ मी म्हटलं. ‘‘डॉक्टर सांगतायत, ती मुलगी सांगतेय, गुडघे नवे आहेत. कशाला धरून ठेवलंयस?’’

‘‘पडले म्हंजी?’’

‘‘नाही पडत.’’

‘‘तू जा मग,’’ आई शांतपणे म्हणाली. ‘‘मपलं मी बघंन.’’

हे तिला जमणार नाही हे दोघींना माहीत होतं, म्हणून मी गेले नाही. संध्याकाळी मालिका लावायला मात्र ती विसरली नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी उशिरा मोबाइलवर वेळापत्रकवाल्या बाईंचा निरोप आला, ‘ताई, आजचा भाग बघू नका. सविस्तर बोलू.’ बस्स, एवढंच. मी तो वाचला, फोन उलटा ठेवला आणि भाजी चिरायला घेतली. आईला काय सांगायचं ते ठरवता आलं नाही. टीव्ही बिघडला असं सांगता आलं असतं, पण तिला ते कधीच खरं वाटलं नसतं. वेळेवर खाला आली, नेहमीच्या खुर्चीत बसली. मीही नेहमीच्या जागी बसले.

पहिल्याच प्रसंगात दिवाणखाना होता. फोटोला चंदनाचा हार होता, पातळ पिवळसर चिरफळ्यांचा, आमच्या घरी वडिलांच्या फोटोला आहे तसाच. समोर उदबत्ती. हार थेट माझ्या खांद्यावरून खाली आला होता, त्यामुळे आईची बोटं झाकली गेली होती. नवरा फोटोसमोर उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, ‘‘आता तरी दुसऱ्याला बोलू दे गं.’’ मग तो थांबला आणि त्या जागेत हशा पडला. त्याचं टायमिंग चांगलं होतं. त्या वाक्यावर मीसुद्धा तेवढीच थांबले असते.

खालानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, जरा वेळ ठेवला, आणि आपल्या घरी गेली. भाग अर्धवट टाकून ती पहिल्यांदाच गेली.

‘‘चंदनाचा हाय,’’ आई म्हणाली.

‘‘हो.’’

‘‘म्हंजी झालं?’’

‘‘झालं.’’

मला रडू आलं नाही. मी टीव्ही बंद केला आणि ताटं घ्यायला स्वयंपाकघरात जाणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, ‘‘तुला हसायला लावलं का त्यांनी?’’

‘‘काय?’’

‘‘मेल्याचं काम केलं की हसायला लावतात म्हणलीस ना. त्या म्हाताऱ्यानं लावलं व्हतं.’’

‘‘अगं, फोटोला घातलाय हार. मी तिथं कुठं होते?’’

‘‘म्हंजी तसंच सोडलं,’’ ती म्हणाली. तिला राग आला होता. माझ्यावरचा नाही, सगळ्या मुंबईवरचा. ‘‘जित्या पोरीला हार घालत्यात आन तसंच सोडत्यात. बस इथं.’’

मी पाटावर बसले. मागं काहीतरी हलल्याचा आवाज आला, मग स्वयंपाकघरात डबे वाजले. आई आली ती मुठीत मीठ आणि सुक्या मिरच्या घेऊन. तिनं माझ्यावरून मूठ उतरवली, तोंडानं काहीतरी पुटपुटत, आल्यागेल्याची, घरातल्याची, दारातल्याची. पडद्यावरच्यांची असंही ती मध्ये म्हणाली. मी डोळे मिटून बसले होते. लहानपणी बसायचे तशी, नाक खाजवू नये म्हणून हात मांडीखाली घेऊन. मीठ-मिरच्या तिनं खिडकीतल्या कुंडीजवळ ठेवल्या. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

‘‘आता हास.’’

मी हसले. श्वास आत, नाकातून सूर, टाळी. दुसरं काही आलंच नाही.

आईनं मान हलवली. ‘‘ते नगं. ते तिचं झालं, तिला घातला हार. तुपलं हास.’’

मी तोंड उघडलं आणि काही आलं नाही. नाट्यस्पर्धेच्या वेळी मी हसायचे ते, वडील मागच्या खुर्चीवर दचकून उठायचे तेव्हा विंगेत हसायचे ते, कुठून सुरू व्हायचं हे मला आठवेना. आई बघत होती. तिला घाई नव्हती. तिच्या मागं, पलंगापाशी, वॉकर होतं तिथंच उभं होतं.

मला बराच वेळ लागला. तेवढा वेळ आई काहीही न धरता माझ्यासमोर उभी होती.